हजार पावलं, वीस मिनिटं

मज्जारज्जू छातीच्या पातळीवर पूर्ण तोडलेलं मांजर मागच्या पायांनी पुन्हा चालू शकतं. मॉन्ट्रियलच्या ह्यूग बार्बो आणि सर्ज रोसिन्योल या संशोधकांनी हे १९८७ साली प्रसिद्ध केलं. मेंदूकडून मागच्या पायांकडे येणारी वाट बंद झालेली. तरीही त्या मांजराला ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर उभं केलं, शेपटीला धरून मागच्या धडाचा तोल सांभाळला आणि हा सराव नेटाने चालू ठेवला, की काही आठवड्यांत ते मागच्या पायांनी पावलं टाकू लागतं, पंजा नीट टेकवतं, धडाचं वजनही पेलतं.

लकवा झालेल्या माणसाला ट्रेडमिलवर का चढवतात, याचं उत्तर या मांजरांपासून सुरू होतं. घरच्यांना ते नवलाचं वाटतं आणि त्यात चूक काहीच नाही. पलंगावरून उठवायला ज्याला दोन माणसं लागतात, त्याला धावण्याच्या यंत्रावर उभं करायचं? पण मांजराचा मेंदू शाबूत होता आणि मज्जारज्जू तुटलेला होता. पक्षाघाताच्या रुग्णाचं नेमकं उलट असतं. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते, हुकूम देणारा भाग मरतो. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मात्र जागच्या जागी असतो. चालण्याची मूळ लय, म्हणजे डावा-उजवा, डावा-उजवा हा क्रम, मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळीच तयार करू शकतात, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ सालीच मांडलं होतं. प्रश्न होता तो त्या जाळ्यांना जाग कशी आणायची, हा.

त्याचा एक धागा खुब्यात सापडला. आपण चालतो तेव्हा टेकलेल्या पायावरून शरीर पुढे सरकतं आणि ती मांडी मागे जाते. खुब्याच्या पुढच्या स्नायूंना ताण बसतो. आता पाय उचलायची वेळ झाली, ही खबर त्या ताणातून मज्जारज्जूला मिळते. मांजराची मांडी मागे जाऊच दिली नाही, तर पुढचं पाऊल उचललं जात नाही, हे स्वीडनचे स्टेन ग्रिलनर आणि रोसिन्योल यांनी १९७८ साली दाखवलं. अर्धांग गेलेला माणूस नेमका इथेच अडकतो. दुबळ्या पायावर भार द्यायची त्याला भीती वाटते. तो चांगला पाय घाईने, जेमतेम दुबळ्या पायाच्या बरोबरीला आणून टाकतो. मागे राहून ताणली जाण्याची संधी दुबळ्या मांडीला मिळतच नाही, म्हणून तो पाय बाहेरून गोल फिरवून, कंबर उचलून पुढे आणावा लागतो. सरकता पट्टा टेकलेल्या पायाला मागे घेऊन जातो. रुग्णाच्या हिमतीची वाट न पाहता मांडी मागे जाते.

माणूस मांजर नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. दोन पायांवर उभं राहून चालण्यात आपल्या मेंदूचा वाटा फार मोठा आहे. घोटा उचलणं, तोल राखणं, वळणं, थांबणं ही कामं नुसत्या मज्जारज्जूवर सोपवता येत नाहीत. मांजरांवरून दिशा मिळाली. माणसांचं उत्तर माणसांवरच तपासावं लागणार होतं.

बर्लिनमध्ये डॉ. स्टेफान हेसं यांनी पक्षाघाताच्या रुग्णांवर तशी एक सुरुवात केली. नेहमीचे फिजिओथेरपीचे उपचार होऊनही स्वतःहून चालता न येणारे ९ रुग्ण त्यांनी निवडले. वरून टांगलेल्या पट्ट्यांच्या जॅकेटमध्ये, ज्याला हार्नेस म्हणतात, त्यांना बांधलं, शरीराचं थोडं वजन त्या टांगणीवर घेतलं आणि ट्रेडमिलवर चालवलं. अशी २५ सत्रं झाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात तुलनेला दुसरा गट नव्हता, रुग्णही मोजकेच होते. पण ज्यांची चाल सुधारणं अवघड मानलं जात होतं त्यांच्यात फरक दिसला. हेसं यांनी मांडलेला एक हिशेब मला त्यांच्या सगळ्या निष्कर्षांहून मोलाचा वाटतो. नेहमीच्या फिजिओथेरपीच्या २० मिनिटांत असा रुग्ण ५० ते १०० पावलं टाकतो. ट्रेडमिलवर तेवढ्याच वेळात १००० पर्यंत.

हा आकडा समजून घ्यायचा तर एक सत्र जवळून पाहायला हवं. आधी रक्तदाब मोजला जातो. पायात मागे पट्टा असलेले किंवा बंद बूट लागतात, कारण पंजा लोंबत असेल तर साधी चप्पल दोन पावलांत निसटते. घोटा फारच लोंबत असेल तर पोटरीमागून तळव्याखाली जाणारं प्लॅस्टिकचं स्प्लिंट. मग हार्नेस: छातीभोवती एक पट्टा, दोन्ही मांड्यांमधून दोन. रुग्णाला पहिल्यांदा बांधतात तेव्हा तो पुन्हापुन्हा वर, टांगणीकडे बघतो. पट्टा ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास सुरू होतो. निरोगी माणसाला तो जेमतेम हलतोय असं वाटावं. एक फिजिओथेरपिस्ट दुबळ्या पायाच्या बाजूला खाली बसते. एक हात गुडघ्याखाली, एक घोट्यावर. दुसरी व्यक्ती मागे, दोन्ही हात कमरेवर. समोर आरसा. आणि मग तीच ती वाक्यं, प्रत्येक विभागात थोड्याफार फरकाने ऐकू येणारी: काका, टाच आधी टेका. गुडघा मागे जाऊ देऊ नका. खाली नाही, समोर बघा. दांडा सोडा, मी आहे.

दांडा सोडणं हे सगळ्यात कठीण. हातांनी दांड्यावर भार टाकला की पायांचा भार कमी होतो आणि चालण्याचा सराव निम्मा होतो. तीन-चार मिनिटं चालायचं, बसायचं, दम आवरायचा, पुन्हा चढायचं. सत्रागणिक टांगणीवरचं वजन कमी करत न्यायचं, वेग वाढवत न्यायचा. खाली बसलेल्या थेरपिस्टच्या हातांना शेकडो वेळा तोच पाय उचलून ठेवावा लागतो. रुग्णाच्या आधी तिचे खांदे भरून येतात. रुग्णाच्या कष्टांबद्दल बोललं जातं, तसं या कष्टांबद्दलही बोललं जायला हवं.

१९९८ साली मॉन्ट्रियलच्याच मार्था व्हिसिन्टिन, बार्बो आणि सहकाऱ्यांनी १०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सगळेच ट्रेडमिलवर चालले, सहा आठवडे. निम्म्यांचं ४० टक्क्यांपर्यंत वजन टांगणीवर घेतलं होतं, निम्म्यांनी पूर्ण वजन स्वतः पेललं. आधार घेतलेल्यांचा तोल, वेग आणि दमछाक न होता चालण्याचं अंतर, तिन्ही जास्त सुधारलं. यानंतर उत्साहाला भरतं आलं. थेरपिस्टच्या हातांचं काम करणारे यांत्रिक पाय आले. झुरिकमध्ये तयार झालेलं लोकोमॅट त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. रुग्णाच्या पायांना बाहेरून बांधलेला यांत्रिक सांगाडा प्रत्येक पाऊल एकसारखं, न थकता टाकून देतो. पाहणाऱ्याला ते दृश्य थक्क करतं. पण २००८ साली शिकागोचे जॉर्ज हॉर्नबी यांनी थोडंफार चालू शकणाऱ्या जुन्या रुग्णांमध्ये तुलना केली, तेव्हा माणसाच्या हातांची मदत घेऊन चाललेल्यांचा वेग यंत्राने चालवलेल्यांपेक्षा जास्त वाढला. पुढच्याच वर्षी जोसेफ हिडलर यांच्या चाचणीत लोकोमॅटपेक्षा नेहमीची फिजिओथेरपी सरस ठरली. कारण समजण्यासारखं आहे. यंत्र पाय हलवून देत असेल, तर रुग्ण आपलं अंग सैल सोडू शकतो. थेरपिस्टचा हात मदत करतो आणि रुग्णाने जोर लावला की मागेही हटतो. रुग्णाच्या प्रयत्नासाठी तो रोज थोडी जास्त जागा सोडतो.

सगळ्यात मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. पामेला डंकन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातल्या ४०८ रुग्णांवर ‘लीप्स’ नावाची चाचणी झाली. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती प्रसिद्ध झाली. तीन गट होते. एका गटाला पक्षाघातानंतर दोन महिन्यांनी हार्नेस आणि ट्रेडमिलवरचं प्रशिक्षण, दुसऱ्याला तेच प्रशिक्षण सहा महिन्यांनी. तिसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन स्नायूंच्या बळाचे आणि तोलाचे व्यायाम करून घेणार होती. ट्रेडमिल नाही, टांगणी नाही. प्रत्येकाला ३६ सत्रं, दीड-दीड तासाची. ट्रेडमिलचे गट पुढे जातील अशी संशोधकांची अपेक्षा होती.

तसं झालं नाही. वर्षाच्या शेवटी एकूण ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या पायरीवर पोचले होते आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांना चालणं मुळातच फार अवघड होतं, त्यांच्यात लवकर ट्रेडमिलवर गेलेल्यांचं वारंवार पडण्याचं प्रमाण उलट जास्त होतं. बातम्यांमध्ये याचा अर्थ ‘ट्रेडमिल निरुपयोगी’ असा लागला. मला तो अर्थ अपुरा वाटतो. याच चाचणीतला सहा महिन्यांचा हिशेब पाहा. तोवर ट्रेडमिलवर चाललेल्यांचा वेग सेकंदाला ०.२५ मीटरने वाढला होता, घरी व्यायाम केलेल्यांचा ०.२३ ने, आणि ज्यांना अजून फक्त नेहमीची देखभाल मिळत होती, त्यांचा ०.१३ ने. म्हणजे दोन्ही प्रशिक्षणांनी सुधारणा जवळजवळ दुप्पट केली. आणि मागे राहिलेला हा गट सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर गेला, तेव्हा तोही वर्षअखेर बाकीच्यांच्या बरोबरीला आला. ‘सहा महिने झाले, आता जे आलं ते आलं’ हे वाक्य आपल्याकडे कितीतरी रुग्णांनी ऐकलेलं असतं. ते ऐकून कितीतरी जण खाटेवर कायमचे बसतात. ४०८ माणसांच्या या चाचणीने ते वाक्य खोटं ठरवलं आहे.

वरच्या पायरीवर म्हणजे काय, हेही सांगायला हवं. चालण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी असेल, तर माणूस घरातल्या घरात फिरू शकतो. ०.४ ते ०.८ मध्ये असेल, तर बाहेर पडतो पण मर्यादेत. ०.८ च्या वर गेला की एकट्याने बाजारहाट शक्य होतो. अमेरिकेच्या जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली आखलेल्या या पायऱ्या आजही वापरल्या जातात. आता चार पदरी, साधारण १४ मीटर रुंदीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. ०.४ च्या वेगाने तो ओलांडायला ३५ सेकंद लागतात. ०.८ ने साडेसतरा. आपल्या शहरांतल्या सिग्नलवर हा फरक घरी राहायचं की बाहेर पडायचं, एवढा मोठा असतो.

यान मेहरहोल्त्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली कोक्रेन आढावा घेतला. त्यात ५६ चाचण्या, ३१०५ रुग्ण. निष्कर्ष असा: ज्यांना चालताच येत नाही ते ट्रेडमिलमुळे स्वतंत्रपणे चालू लागतील, ही शक्यता इतर उपचारांपेक्षा वाढत नाही. ज्यांना थोडंफार चालता येतं त्यांचा वेग वाढतो, सरासरी सेकंदाला ०.०६ मीटर, सहा मिनिटांत चालण्याचं अंतर १४ मीटरने वाढतं. आकडा लहान आहे. त्या १४ मीटरच्या रस्त्यावर ३५ सेकंदांऐवजी ३०. मात्र ही वाढ इतर उपचारांनी जी सुधारणा होते तिच्यावरची आहे, शून्यावरची नव्हे.

मग ट्रेडमिलचा उपयोग नेमका कोणाला आणि कशासाठी? याचं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत हळूहळू स्पष्ट झालं आणि त्याचा संबंध टांगणीपेक्षा श्रमाशी निघाला. बाल्टिमोरमध्ये रिचर्ड मॅको यांनी पक्षाघात होऊन बरेच महिने उलटलेल्या ६१ जणांची चाचणी घेतली. एका गटाला सहा महिने, आठवड्यातून तीनदा, दम लागेल अशा गतीने ट्रेडमिलवर चालवलं. दुसऱ्याला ताण देण्याचे व्यायाम आणि हलकं चालणं. २००५ साली आलेल्या निकालात पहिल्या गटाची हृदय-फुप्फुसांची क्षमता आणि चालण्याचं अंतर दोन्ही वाढलेलं होतं. अर्धांगाने चालायला निरोगी माणसापेक्षा जास्त शक्ती खर्च होते, आणि महिनोन्‌महिने बसून दमसास मात्र घटलेला असतो. पाय साथ देतो, पण छाती भरून येते आणि माणूस ओट्यावर बसतो. घरचे समजतात पायच दुबळा. २०२३ साली पियर्स बॉइन यांच्या चाचणीत थोडा वेळ जोरात, थोडी विश्रांती, पुन्हा जोरात अशा पद्धतीने १२ आठवडे चाललेले रुग्ण मध्यम गतीने सलग चाललेल्यांपेक्षा पुढे गेले. २०२० सालच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी तर सरळ सांगितलं की पक्षाघातानंतर सहा महिने उलटलेल्या, चालू शकणाऱ्या रुग्णांना दमदार गतीने चालवावं. नुसतं टांगून किंवा यंत्रमानवाच्या आधाराने चालवू नये.

इथे सावधगिरीचे दोन शब्द. हे सगळं डॉक्टरांनी हृदय तपासून परवानगी दिल्यावरच. अनेक रुग्ण नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतात, त्यामुळे नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज चुकतो. म्हणून स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी बनवलेल्या ६ ते २० च्या मोजपट्टीवर रुग्णालाच विचारतात: किती जड जातंय? आणि घाई पहिल्याच दिवशी नको. ज्युली बर्नहार्ट यांची २०१५ सालची ‘अॅव्हर्ट’ चाचणी २१०४ रुग्णांची होती. ज्यांना पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत जास्तीत जास्त उठवलं-चालवलं, त्यांचा निकाल किंचित वाईट लागला. सुरुवातीला मेंदूला स्थिर होऊ द्यावं लागतं.

घरी ट्रेडमिल आणावी का, असं विचारणारे नातेवाईक बरेच असतात. घरगुती यंत्राचा सर्वांत कमी वेग बहुधा ताशी ०.८ ते १ किलोमीटर असतो. सेकंदाला ०.२ मीटर चालणाऱ्या रुग्णाला हा पहिला टप्पाच झेपणार नाही. त्याची चाल ताशी पाऊण किलोमीटरहून कमी असते. वर टांगणी नाही, दुबळ्या बाजूला उभं राहणारं प्रशिक्षित माणूस नाही. अशा यंत्रावर पडून मांडीचं हाड मोडलं, तर चालणं कायमचं सुटू शकतं. शिवाय पट्टा सपाट असतो. आपल्या घरांत उंबरठा असतो, न्हाणीघरात ओल असते, संडास पुष्कळदा बैठा असतो आणि एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी. त्यांचा सराव त्या-त्या जागीच करावा लागतो.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी, विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झालेल्या, यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं आशियातलं पहिलं विद्यालय उभं केलं. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ सालची. रुग्णाने कपडे घालावेत, जेवावं, कामावर परतावं, यासाठी शास्त्र आहे आणि ते शिकलेली माणसं लागतात, हा विचार आपल्याकडे सात दशकांपूर्वी रुजला. अडचण आहे ती ही माणसं तालुक्याच्या गावापर्यंत पोचण्याची.

त्यावर एक उपाय भारतातच तपासला गेला. ‘अटेंड’ या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्ण सामील झाले. निम्म्यांच्या घरच्या माणसाला रुग्णालयातच व्यायाम शिकवले, म्हणजे घरी गेल्यावर त्यांनी ते करून घ्यावेत. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. सुनेने, बायकोने, मुलाने जीव तोडून करूनही फरक पडला नाही. मी हा निकाल ‘लीप्स’शेजारी ठेवून वाचतो. रुग्ण वेगळे, देश वेगळा, मोजमाप वेगळं. थेट तुलना होत नाही हे मान्य. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. अमेरिकेत ट्रेडमिलशिवाय घरी बरे झालेल्यांच्या दारात शिकलेली फिजिओथेरपिस्ट ३६ वेळा येत होती, आज कालच्यापेक्षा थोडं कठीण काय द्यायचं हे ठरवत होती. आपल्याकडे ते ओझं काही दिवसांच्या शिकवणीवर घरच्यांच्या खांद्यावर गेलं. कमी पडलं ते प्रशिक्षित माणसाचं परतपरत येणं.

म्हणून जिल्हा रुग्णालयासाठी लोकोमॅट घेण्याचा प्रस्ताव आणि चार गावांत दुचाकीवरून फिरणाऱ्या दोन फिजिओथेरपिस्टच्या पगाराचा प्रस्ताव एकाच टेबलावर आले, तर माझं मत दुसऱ्याला आहे. साधी ट्रेडमिल आणि वर एक भक्कम टांगणी असेल तर उत्तमच. थोडं चालू शकणाऱ्या रुग्णाला तिथे आठवड्यातून तीनदा घाम गाळता येईल. पण ती रुग्णाच्या खऱ्या पावलांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या हाताखाली असायला हवी. २००९ साली कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या सत्रांमध्ये बसून पावलं मोजली, तेव्हा चालण्याच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावलं भरली. तिथे ही अवस्था. इथे बहुधा ती मोजलीच जात नाहीत.

मोजायला काही फार लागत नाही. व्हरांड्यात १० मीटरवर दोन खुणा करायच्या, अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर मोकळे सोडायचे, म्हणजे सुरुवातीचं वेग घेणं आणि शेवटचं थांबणं हिशेबात येत नाही. मोबाइलमधलं घड्याळ, शेजारी तोल सांभाळायला एक माणूस. २५ सेकंद लागले तर वेग ०.४. साडेबारा लागले तर ०.८. पक्षाघाताच्या रुग्णाच्या केसपेपरवर दर भेटीला रक्तदाब आणि साखर लिहिली जाते. त्याच ओळीत हे सेकंदही लिहावेत, आणि मागच्या महिन्यापेक्षा ते कमी झाले नसतील तर नातेवाइकांनी विचारावं, आता व्यायामात काय बदलायचं.